किशोरवयीन मुलांशी व्यायामाविषयी बोलताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आजकालची मुले आळशी आहेत, त्यांना सतत टोकल्याशिवाय ती हलत नाहीत, ही समजूत घरोघरी पक्की बसली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील शाळकरी मुलांची माहिती तपासली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करत नाहीत. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के आहे. जगभर एकच चित्र दिसते तेव्हा दोष एकेका मुलाच्या स्वभावात शोधून भागत नाही. मैदाने, रस्ते, शाळा-क्लासचे वेळापत्रक आणि मोठ्यांची बोलण्याची रीत, हे सगळे तपासावे लागते.

‘नुसती कारणे सांगतात,’ हा आळशीपणाच्या समजुतीचाच पुढचा भाग. पालघर-बोईसर परिसरात ही कारणे नीट ऐकून घेण्याजोगी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात इथलेच तारापूर औद्योगिक क्षेत्र (एमआयडीसी) ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. एमआयडीसीलगत राहणारी मुलगी ‘बाहेर वास येतो’ म्हणते तेव्हा तो बहाणा नसतो. पावसाळ्यात मैदानात चिखल होतो, क्लास सुटेपर्यंत अंधार पडतो, डहाणू लोकलने कॉलेज गाठणाऱ्याचा दिवस गाडीच्या वेळांना बांधलेला असतो. मुलीने संध्याकाळी एकटीने बाहेर जाऊ नये, असे तर बहुधा घरचेच सांगतात. या अडचणी आधी मान्य केल्या की ‘मग यातून तुला काय जमेल?’ हा प्रश्न खरा वाटतो. उत्तरेही मुलांकडूनच येतात : वास उग्र असेल त्या दिवशी घरात दोरीच्या उड्या, एरवी मैत्रिणीसोबत सायकल, रविवारी केळवे किंवा चिंचणीचा किनारा.

फायदे पटवून दिले की मूल तयार होते, असेही मानले जाते. प्रत्यक्षात मोठ्यांनी एका बाजूने जोर लावला की किशोरवयीन दुसरी बाजू लढवू लागतात. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेली समुपदेशनाची पद्धत, जिचा उगम दारूच्या व्यसनावरील उपचारांत आहे, नेमकी इथे उपयोगी पडते. बदलाचे कारण माणसाने स्वतःच्या तोंडून सांगावे, हा तिचा गाभा. ‘मोबाइल ठेव आणि पळायला जा’ याऐवजी ‘सातवीत कबड्डी खेळायचास, त्यातलं काय आवडायचं?’ असे विचारावे आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकावे.

वजनावरून बोलल्याने मूल जागे होते, हा सर्वांत घातक गैरसमज. मिनेसोटा विद्यापीठाच्या दीर्घकालीन पाहणीत, पालक वजनाविषयी बोलतात त्या घरांतील किशोरवयीनांमध्ये उपाशी राहण्यासारखे घातक उपाय अधिक आढळले. ‘जाडी’, ‘सुकडी’ हे शब्द लाडानेही नकोत. हालचाल वाढली की दम कमी लागतो, झोप चांगली लागते, मित्र मिळतात, हे मुलांना स्वतः अनुभवता येणारे फायदे आहेत.

व्यायाम म्हणजे जिम किंवा स्पर्धा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयात दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी. ती तुकड्यातुकड्यांत झाली तरी चालते. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम लागला की हालचाल मध्यम समजावी. आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारे काही हवे. शाळेपर्यंतची भरभर चाल, खो-खो, तारपा वाजवणाऱ्याभोवती धरलेला फेर, भाताची आवणी, सारे यात मोजता येते. म्हणूनच डोक्यावरून पाणी वाहून आणणाऱ्या मुलीला व्यायामाचे धडे देणे अन्यायाचे आहे. तिला हवा खेळायचा मोकळा वेळ.

दहावीच्या वर्षी खेळ थांबवल्याने गुण वाढतात, असे नाही. हालचालीने एकाग्रतेला मदतच होते. तसेच मासिक पाळीतही खेळायला हरकत नसते. वेदना फार असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

पहाटे उठत नाही म्हणून मूल बेशिस्त ठरवले जाते. या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकते आणि झोप आठ ते दहा तास लागते. ती मोडून पाचला धावायला पाठवण्यापेक्षा संध्याकाळ बरी. कारखान्यातली पहिली पाळी संपवून आलेले आई किंवा वडील तेव्हा सोबत चालू शकतात. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे एरवी न निघणारे विषयही निघतात.