फ्रीजच्या भिंतीतला वायू

घरगुती फ्रीजचा पर्यावरणावर पडणारा भार बहुधा विजेच्या बिलावरून जोखला जातो. हे मोजमाप अपुरे आहे, कारण जुन्या फ्रीजमधला सर्वांत घातक ऐवज नळ्यांत आणि भिंतींत कोंडलेला असतो आणि त्याची नोंद कोणत्याही मीटरवर होत नाही.

फ्रीज थंडी निर्माण करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसरने दाबलेला वायू मागच्या जाळीत उष्णता सोडून द्रवरूप होतो, केसासारख्या बारीक नळीतून, म्हणजे कॅपिलरीतून, पुढे जाताना त्याचा दाब एकदम घटतो आणि बर्फाच्या कप्प्याभोवती त्याची पुन्हा वाफ होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. हे काम करणाऱ्या द्रव्याला शीतक म्हणतात. आरंभीच्या फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी शीतक असे. १९२८ मध्ये टॉमस मिजली या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी न जळणारे व विषारी नसलेले सीएफसी-१२ हे क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील शीतक पुढे आणले आणि फ्रीज निर्धास्तपणे स्वयंपाकघरात आला. या वर्गातील द्रव्ये वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोन नष्ट करतात, हे मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवले; १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचे विवर उघडकीस आले आणि १९८७ मध्ये अशा द्रव्यांवर मर्यादा घालणारा माँट्रियल करार झाला.

या इतिहासात फ्रीजच्या भिंतीकडे फारसे लक्ष गेले नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. बाहेरचा पत्रा आणि आतले प्लास्टिकचे अस्तर यांच्यामधल्या पोकळीत दोन द्रव रसायने एकत्र सोडली की ती काही क्षणांत फुगून कोपऱ्याकोपऱ्यांत पसरतात व घट्ट होतात; मेकॅनिक ज्याला ‘पफ’ म्हणतात तो हा पॉलियुरेथेन फोम. त्याला फुगवण्यासाठी पूर्वी सीएफसी-११ वापरत. हवेपेक्षा उष्णता कमी वाहून नेणारा हा वायू फोमच्या असंख्य बंद कोशांत अडकून राही आणि त्यामुळेच पातळ भिंतीसुद्धा थंडी टिकवू शकत. अनेक जुन्या फ्रीजमध्ये नळ्यांतल्या शीतकापेक्षा भिंतीतल्या या वायूचेच वजन अधिक भरते. फ्रीज बंद पडला तरी तो आतच असतो, वर्षानुवर्षे झिरपत राहतो आणि फोम फुटला की एकदम मोकळा होतो.

नळ्यांतला वायूही थोडा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. सीएफसी-१२ ची तापमानवाढीची क्षमता, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,९०० पट आहे. म्हणजे अवघे १०० ग्रॅम सुटले तरी त्याचा परिणाम एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका होतो. भारतात एक युनिट वीज निर्माण होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर वर्षाला २०० युनिट खाणाऱ्या एकदारी फ्रीजच्या सात-आठ वर्षांच्या विजेइतका हा भार आहे.

यातून वाट काढण्याचे मोठे श्रेय पूर्वीच्या पूर्व जर्मनीतील एका डबघाईला आलेल्या कारखान्याला द्यावे लागते. डॉर्टमुंड येथील रोझिन व प्राइझेंडान्झ या दोन तज्ज्ञांनी हायड्रोकार्बन वायूंवर चालणारा फ्रीज सिद्ध केला होता. ग्रीनपीसच्या पुढाकाराने शार्फेनश्टाइनच्या या कारखान्याने तो १९९२ मध्ये बनवला आणि पुढच्या वर्षी बाजारात आणला. हा वायू पेट घेईल असा आक्षेप बड्या कंपन्यांनी घेतला खरा, परंतु लवकरच त्याही त्याच वाटेने गेल्या. आज भारतातील बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये असणारा आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए, हा स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला असून एका फ्रीजला तो साधारण ५० ग्रॅम पुरतो, आणि तो सगळा सुटला तरी तापमानवाढीवर त्याचा परिणाम नगण्यच राहतो. फोम फुगवण्यासाठीही आता सायक्लोपेंटेन वापरतात. मधल्या काळातला आर-१३४ए मात्र, ओझोनला निरुपद्रवी असला, तरी कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमान वाढवणारा आहे आणि तो भरलेले असंख्य फ्रीज आजही घरोघरी चालू आहेत.

नवा फ्रीज आणल्याने जुना नाहीसा होत नाही, हे अधिक चिंतेचे आहे. एक्स्चेंजमध्ये गेलेला फ्रीज पुष्कळदा दुसऱ्या घरी लागतो आणि पूर्वीइतकीच वीज खात राहतो. तिथून तो भंगारात पोचतो तेव्हा तांबे आणि कॉम्प्रेसर यांनाच किंमत येते. तांब्याची नळी पकडीने तोडली की फुस्स आवाजासरशी वायू निघून जातो, पत्रा सोलून काढला की पिवळट फोमचे तुकडे कचऱ्यात पडतात. तो फोम बंद यंत्रात दळून वायू गोळा करणे शक्य आहे, पण त्याला खर्च येतो आणि मिळकत जवळजवळ शून्य. ई-कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. ती गल्लीतल्या भंगारवाल्यापर्यंत पोचलेली नाही आणि त्याचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण वायू काढण्याची मजुरी त्याला कोणीच देत नाही.

दुरुस्तीचीही अडचण आहे. आयसोब्युटेनच्या फ्रीजला गळती लागली तर खोली हवेशीर ठेवून, जवळपास ज्योत पेटवण्यापूर्वी नळ्या पूर्ण रिकाम्या कराव्या लागतात. त्याच्यासाठी बनलेल्या कॉम्प्रेसरमध्ये हाताशी असलेला दुसराच गॅस भरला, तर यंत्र बिघडते आणि पर्यावरणाचा लाभही जातो. शिवाय १६५ लिटरच्या जागी दुप्पट मोठा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आला, तर स्टार कितीही असोत, विजेची बचत हातची जाऊ शकते.

जुना फ्रीज काढताना कॉम्प्रेसरजवळची किंवा मागची पट्टी वाचावी. तिथे आर-१२ (म्हणजेच सीएफसी-१२) किंवा आर-१३४ए असे लिहिलेले असल्यास तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावा आणि वायू कसा काढून घेणार, हे देण्यापूर्वी विचारावे, मग भंगारवाला चार पैसे जास्त देत असला तरी.