शाळेच्या इमारतीची निगा

माणसाला दुखणे आले की तो ते शब्दांनी सांगू शकतो. इमारतीला वाचा नसते. तरी तीही आपले दुखणे लपवून ठेवीत नाही. छतावर उमटलेला ओलीचा डाग, भिंतीवरून सुटू लागलेला गिलावा, दिवसेंदिवस लांबत जाणारी बारीक भेग, ही सारी तिची भाषाच होय. ही भाषा ओळखून वेळीच उपाय करणे, याचेच नाव इमारतीची निगा. शाळेच्या इमारतीत मुले दररोज कित्येक तास एकत्र बसतात. म्हणून तिची निगा विशेष दक्षतेने राखावी लागते.

ऊन, वारा, वाळवी असे इमारतीचे शत्रू अनेक आहेत. परंतु या सर्वांत प्रबळ शत्रू म्हणजे पाणी. महाराष्ट्रात वर्षातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कौलारू शाळेवर त्याचा परिणाम कसा होतो ते पाहण्याजोगे आहे. सोसाट्याच्या वाऱ्याने अथवा माकडांच्या उड्यांनी एखादे कौल जागचे सरकते. त्या फटीतून पाणी प्रथम रिपेवर व मग वाशावर ठिबकू लागते. सतत ओले राहिलेले लाकूड कुजते आणि वाळवीलाही ते आयतेच सापडते. वासा खचला की शेजारची कौलेही सरकतात व फट रुंदावते. मग पाणी भिंतीत मुरते आणि भिंत मातीची असेल तर ती ढासळू लागते. अशा रीतीने एका कौलाचे काम काही पावसाळ्यांत साऱ्या छपराचे काम होऊन बसते. पहिल्याच वर्षी ते कौल नीट बसवले असते, तर एका कारागिराचे थोड्या वेळाचे श्रम पुरले असते.

सिमेंट काँक्रीटचे छत कौलांहून भक्कम खरे. पण तेही निगेवाचून अभंग राहत नाही. या छताच्या पोटात लोखंडी सळया असतात. काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो व ती गंजत नाही. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की काँक्रीटचा हा गुण ओसरतो. त्यातच भेगांमधून पाणी पोहोचले की सळई गंजू लागते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्याच्या दाबाने भोवतालचे काँक्रीट फुटते आणि छताच्या खपल्या खाली पडतात. अशा जागी वरवर गिलावा करून रंग देणे म्हणजे पायातला काटा न काढता वर पट्टी बांधण्यासारखे आहे. प्रथम गळतीचे मूळ शोधून ते बंद करावे लागते, नंतर सळईवरचा गंज खरवडून जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्याने दुरुस्ती करावी लागते. गळतीचे मूळ पुष्कळदा अगदी क्षुल्लक असते. गच्चीवरील पाणी वाहून नेणाऱ्या नळाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकतो, पाणी तुंबते आणि छतात मुरते. मूठभर पाने वेळीच उचलली, तर पुढचा सारा अनर्थ टळतो.

भिंतीच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोपही असेच फसवे असते. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्याचे बी तेथे पडते. दोन पानांचे रोप हाताने उपटता येते; पण त्याची मुळे दगडांच्या सांध्यांत शिरली की तीच मुळे भिंत दुभंगून टाकतात. गळक्या नळाचीही तीच गोष्ट. नळातून दर सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसात ८६,४०० थेंब गळतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर हे पाणी दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक व वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक होते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण येथे उलट्या अर्थाने खरी ठरते. कारण हे तळे भिंतीच्या पायाशी साचत असते.

यावरून निगेसाठी नियोजन का हवे, हे ध्यानात येईल. तहान लागल्यावर विहीर खणण्यात जसा अर्थ नाही, तसाच पाऊस सुरू झाल्यावर कौले चाळण्यातही नाही. कामांची वाटणी काळानुसार करावी. झाडलोट व स्वच्छतागृहांची सफाई रोजची. नळ, विजेची बटणे, दारांच्या बिजागऱ्या व कड्या यांची पाहणी महिन्याची. छप्पर, पन्हळी व गटारे यांची कामे उन्हाळ्याच्या सुटीत उरकावीत, म्हणजे पावसाला तोंड देण्यास इमारत सज्ज होते. पावसाळा संपताच पुन्हा एक फेरी मारावी. कारण पाणी कोठून शिरले, हे ओलीच्या ताज्या डागांवरून अचूक समजते. रंगकाम किंवा छताची मोठी दुरुस्ती काही वर्षांनी येते; ती येणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे तिच्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते.

या सर्व कामांची एक नोंदवही असावी. कोणत्या खोलीत काय बिघडले, केव्हा आढळले, दुरुस्ती कधी झाली व खर्च किती आला, हे तीत लिहावे. मुख्याध्यापक बदलतात, शिक्षक बदलतात. पण नोंदवही इमारतीची स्मृती जपून ठेवते. एकाच भिंतीची नोंद तीन वर्षे लागोपाठ आली, तर दोष वरवरचा नाही हे तत्काळ कळते.

इमारतीची निगा म्हणजे केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथील एका शाळेत आग लागली. स्वयंपाकघरातील ज्वाळा वर्गावरील गवती छपरापर्यंत पोहोचल्या. जिना अरुंद होता. ९४ मुलांना प्राण गमवावे लागले. या दुर्घटनेनंतर चाललेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली असा निर्णय दिला की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही अंतर्भूत आहे. त्याच वर्षी संमत झालेल्या बालकांच्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, पिण्याचे शुद्ध पाणी आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरवली. शाळा व्यवस्थापन समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करावा, असेही त्यात सांगितले आहे. या समितीत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. म्हणजे शाळेच्या इमारतीची काळजी वाहणे हे एकट्या मुख्याध्यापकांचे काम नसून साऱ्या गावाचे कर्तव्य आहे.

या कर्तव्यात विद्यार्थ्यांचाही वाटा आहे. छपरावर चढणे, विजेच्या तारांना हात लावणे ही कामे मुलांची नव्हेत. त्यांचे काम पाहण्याचे व सांगण्याचे आहे. ज्या भेगेखाली मूल रोज बसते, ती भेग वाढल्याचे त्यालाच सर्वांआधी दिसते. ज्या बाकाचा खिळा वर आला आहे, तो त्या बाकावरच्या मुलालाच ठाऊक असतो. ‘कोणीतरी सांगेल’ असे म्हणून प्रत्येकजण गप्प राहिला, तर नोंदवही कोरीच राहते. उलट, पाहिलेली गोष्ट त्याच दिवशी गुरुजींच्या वा बाईंच्या कानावर घालणारा विद्यार्थी इमारतीची वाचा बनतो.

शाळा बांधणाऱ्यांची नावे कोनशिलेवर कोरली जातात. सरकलेले कौल वेळीच बसवणाऱ्याचे नाव कोठेही लिहिले जात नाही. परंतु पन्नास वर्षांनी त्याच वर्गात नवी मुले कोरड्या जमिनीवर निर्धास्त बसून धडे गिरवतात, ते त्या अनाम हातांमुळेच होय.