४३१००१ : नुसता पिन कोड नव्हे
छत्रपती संभाजीनगरच्या पाकिटावर ४३१००१ लिहायचे आणि विसरायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या पिन पद्धतीत हा आकडा टपालाच्या सोयीने ठरला, गणित पाहून नव्हे. पण सलग वाचला की तो चार लाख एकतीस हजार एक होतो आणि त्याचा स्वभाव दिसू लागतो. अंकांची बेरीज ९, आणि ९ ने संख्येला निःशेष भाग जातो. म्हणजे देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी नाव दिलेली ही 'हर्षद' संख्या. आता कुणी म्हणेल, बेरीज ९ आली की भाग जाणारच, त्यात विशेष ते काय? आक्षेप रास्त आहे. शिवाय ही दशमान लेखनाची करामत. लिहिण्याची पद्धत बदलली की गंमत संपू शकते.

अवयव मात्र लेखनपद्धतीवर अवलंबून नसतात. ४३१००१ = ८१ × १७ × ३१३. यात १७ = १² + ४², ३१३ = १२² + १३² आणि ८१ तर स्वतःच वर्ग. अशा दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, हे ब्रह्मगुप्ताच्या सूत्रातून निघते. इथे तर ती दोन प्रकारे जमते: ३६०² + ५४९² आणि ३१५² + ५७६². कागदावर करून पाहाच. तिसरी जोडी नाही. 'शोधले की कुठल्याही संख्येत असे काहीतरी सापडते' हेही खरे नाही. शेजारची ४३१००३ घ्या. पूर्ण वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च उरते, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी कधीच ३ येत नाही. ४३१००३ ची बाकी नेमकी ३. तिथे जन्मभर शोधा, एकही जोडी मिळायची नाही.