मनाचे हेलकावे (भाग ७) : ‘दारू सुटली की माणूस सोन्यासारखा!’

बायपोलर असलेला, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्यात हेलकावणारा माणूस पिऊ लागला की घरात हमखास ऐकू येतं, ‘त्याला दुसरं काही झालेलं नाही हो, दारू सुटली की माणूस सोन्यासारखा आहे.’ हे मायेपोटीच म्हटलं जातं, पण त्यात उपचाराची मोलाची वर्षं निघून जातात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत बायपोलर असलेल्यांपैकी ५६ टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या विळख्यात सापडल्याचं दिसलं.

उन्मादाच्या भरात आपल्याला काही होणार नाही असंच वाटत असतं, त्यामुळे पेगांची मोजदाद राहत नाही. नैराश्यात त्याच माणसाला अंथरुणातून उठवत नाही. क्वार्टर पोटात गेली की तासभर छातीवरचं ओझं उतरतं, झोपही लागते. ती मध्यरात्रीनंतर मोडते, आणि अशी मोडलेली झोप पुन्हा उन्मादाला बोलावते.

औषधांचं काय होतं, ते नीट समजून घ्या. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर वापरलेलं लिथियम आजही अनेकांना आधार देतं. पण त्याची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, म्हणून तर अधूनमधून रक्त तपासावं लागतं. रात्रभर पिणं झालं, उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. मग हात थरथरतात, तोल जातो, जीभ जड होते. घरच्यांना वाटतं, पिऊन आलाय, झोपू दे. लिथियम घेणाऱ्याच्या बाबतीत सकाळपर्यंत थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

‘आज बसायचंय’ म्हणून त्या रात्रीची गोळी टाळणारेही पुष्कळ. दारू आणि गोळी एकत्र नको, हीच त्यांना खबरदारी वाटते, आणि आजाराला मोकळं रान मिळतं.

व्यसनमुक्तीवाले म्हणतात, आधी मनाचं बघा. मनाचे डॉक्टर म्हणतात, आधी दारू सोडा. या येरझाऱ्यांत कुटुंब थकून जातं. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात रॉजर वाइस यांनी दोन्हींकडे एकच आजार म्हणून पाहणारी गट-उपचारपद्धती बसवली. तिचा मुख्य नियम साधा आहे: काहीही झालं तरी प्यायचं नाही, आणि काहीही झालं तरी गोळी चुकवायची नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६२ जणांवरच्या त्यांच्या अभ्यासात, फक्त व्यसनावर समुपदेशन मिळालेल्यांच्या तुलनेत या गटाचे नशेचे दिवस निम्म्याच्या आसपास होते. मनाच्या चढउतारांना मात्र तसा गुण आला नाही, हेही सांगायला हवं. तरीही मला हीच वाट बरोबर वाटते.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच धरल्या आहेत. म्हणजे दारूचा प्रश्नही मनाच्या डॉक्टरांचाच आहे. त्यामुळे त्यांच्या पुढच्या भेटीला जाताना दोन्हीकडचे कागद एकाच पिशवीत घ्या. किती पितो, कोणत्या रात्री गोळी चुकली, किती तास झोप झाली, हे तारीखवार लिहून न्या. कुठे जावं हेच उमगत नसेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक फिरवा.