परसातील करवंद : उन्हाळ्याच्या आरंभी करावयाचे काम

परसबागेचा विषय निघाला की पाण्याची अडचण प्रथम सांगितली जाते, आणि ती खरीही आहे. चैत्र लागताच विहिरी तळ गाठू लागतात. तेथे फळझाडांस पाणी कोठून घालावे? ज्या फळास एकदा मूळ धरल्यावर पाण्याची फारशी अपेक्षा नसते, असे एक फळ सह्याद्रीच्या उतारांवर आपोआप वाढते. ते म्हणजे करवंद. मुरमाड, हलकी जमीन त्यास चालते; घराच्या वा शाळेच्या कडेने लावल्यास काटेरी कुंपणही तयार होते.

करवंदाची लागवड मुख्यतः बियांपासून होते, आणि हे बी फार काळ टिकत नाही. इतर बियाणे आपण मडक्यात राखून पुढील वर्षी पेरतो. करवंदाचे बी तसे ठेवल्यास त्याची उगवणशक्ती लवकर नष्ट होते. फळे पिकतात ती मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत. म्हणजे बी पेरण्याची वेळ नेमकी सुटीत येते. म्हणून हा पाठ सुटी लागण्यापूर्वीच द्यावयास हवा. जूनपर्यंत थांबल्यास वर्ष वाया जाते.

मुलांना पुढीलप्रमाणे काम सांगावे. पूर्ण पिकलेली, काळीभोर फळे निवडावीत. गर काढून बी स्वच्छ धुवावे व एखादा दिवस सावलीत सुकवावे. उन्हात घालू नये. जुन्या डब्याच्या बुडास भोके पाडून माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग भरावे. बी अर्धा इंच खोल पेरून वर गवत पसरावे आणि डबा सावलीत ठेवून रोज हाताने पाणी शिंपावे. भांडी धुतल्याचे निवळलेले पाणीही यास पुरते. अंकुर दिसताच गवत काढावे.

रोपाची वाढ सावकाश होते; ते पहिले वर्ष डब्यातच राहू द्यावे. पुढील उन्हाळ्यात दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे खणून तापू द्यावेत आणि पावसाळ्याच्या आरंभी रोपे लावावीत. कुंपणासाठी दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर पुरे. फळांसाठी दहा-बारा फूट ठेवावे. फुले फांद्यांच्या टोकांस येतात. म्हणून छाटणी फळे उतरल्यानंतरच करावी. सतत कातरलेल्या कुंपणास फळ कमी लागते.

एक दक्षता अवश्य घ्यावी. करवंद हे कण्हेरीच्या कुळातील झाड आहे. दोहोंना पांढरा चीक असतो. परंतु कण्हेर व पिवळी कण्हेर ही दोन्ही विषारी आहेत. अनोळखी झाडाचे फळ तोंडात घालू नये, हे मुलांना दोन्ही झाडे समोर दाखवूनच शिकवावे.

लावणीनंतर साधारण तिसऱ्या वर्षी फळे येऊ लागतात. म्हणजे तिसरीत बी पेरणारे मूल सातवीच्या सुमारास स्वतःच्या झाडाची करवंदे खाईल. कच्च्या फळांचे लोणचे व पिकलेल्यांचा मुरंबा घरोघरी होतोच. डोंगरावरील जाळी तोडली गेली, तरी तिचे बी गावाच्या परसात जिवंत राहील. त्याकरिता शिक्षकांनी सुटीपूर्वीचा एक तास द्यावा आणि जूनमध्ये शाळा उघडताच प्रत्येकाच्या डब्याची आस्थेने विचारपूस करावी.