अणुसुरक्षा आणि गोपनीयता

अणुकेंद्राविषयीची माहिती दोन प्रकारची असते. वापरलेल्या इंधनातून किती प्लुटोनियम निघते, ही माहिती परक्यांच्या हाती पडल्यास राष्ट्राच्या संरक्षणास बाध येऊ शकतो. भट्टी थंड ठेवणारी यंत्रणा निर्दोष आहे काय, हा प्रश्न मात्र परिसरातील रहिवाशांच्या जीविताचा असतो. अडचण अशी की, दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच कागदावर लिहिलेल्या असतात.

१९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमाच्या १८ व्या कलमाने अशी माहिती प्रतिबंधित ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. ती उघड करणे हा तर अपराध होताच; ती मिळविण्याचा प्रयत्न करणेही अपराध ठरले. त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली होती.

या कलमाची कसोटी मुंबईत लागली. तेथील अणुऊर्जा नियामक मंडळाने १९९५ मध्ये, डॉ. ए. गोपालकृष्णन अध्यक्ष असताना, देशातील अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेविषयी अहवाल तयार केला. त्यात १३० मुद्दे नोंदविल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. अहवाल मात्र गोपनीय राहिला. तो मिळावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ या संस्थांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तेथे त्यांना यश आले नाही. ६ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. जाणून घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमातून उद्भवतो, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी त्यावर वाजवी बंधन घालता येते, असा निर्णय दिला.

गोपनीयतेलाही धोका असतोच. तेव्हाच्या सोव्हिएत संघातील इग्नालिना केंद्रात १९८३ मध्ये नियंत्रक दांड्यांचा एक दोष चाचणीत आढळला. दांड्या आत शिरू लागताच भट्टीची शक्ती घटण्याऐवजी क्षणभर वाढू शके. चेर्नोबिलची भट्टी त्याच जातीची होती. परंतु तेथील चालकांना या धोक्याची पुरेशी जाणीव करून दिली गेली नाही. १९८६ मध्ये तिचा स्फोट झाला.

भारतात २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाने एक मध्यम मार्ग दाखविला: कागदातील गोपनीय भाग वगळून उरलेला भाग नागरिकास द्यावा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या अधिनियमाची जागा घेणारा ‘शांती’ अधिनियम संमत केला. त्यातही माहिती प्रतिबंधित ठरविण्याचा अधिकार सरकारकडेच आहे. शत्रूपासून काय लपवावे, हे ठरविणे तुलनेने सोपे असते. ते लपविताना शेजाऱ्यापासून काय लपविले जाते, याचा विचार करणे, हेच या कायद्यांपुढील खरे कठीण कार्य होय.