घोडनदीकाठची तैनाती फौज

एखाद्या बलाढ्य सत्तेने शेजारच्या खिळखिळ्या झालेल्या राज्यात शिरून तिथली गादी, फौज आणि वसूल सावरण्याचे काम आपल्या हाती घ्यावे, याला आजचे अभ्यासक राज्यबांधणीसाठी केलेला हस्तक्षेप म्हणतात. आणि हा प्रकार समजून घेण्यासाठी पुणे जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही, कारण लोक ज्याला आजही घोडनदी म्हणतात त्या शिरूर गावी इंग्रज कंपनीच्या फौजेची छावणी याच कारणाने पडली होती.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळच्या लढाईत पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पाडाव केल्यावर दुसरे बाजीराव कोकणात उतरले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी वसईचा तह केला. या तहाने कंपनीच्या पायदळाच्या किमान सहा पलटणी पेशव्यांच्या राज्यात कायमच्या राहायच्या होत्या आणि त्यांच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा होता. शिवाय कंपनीला विचारल्याखेरीज पेशव्यांनी दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणे लावायचे नव्हते. अशा फौजेला तैनाती फौज म्हणत, म्हणजे राज्य एकाचे, खर्चही त्याचाच, पण हुकूम दुसऱ्याचा. मे १८०३ मध्ये बाजीराव पुन्हा गादीवर बसले आणि पुढे फौजेचे ठाणे पुण्यात न ठेवता सुमारे ६५ किलोमीटरवर, अहमदनगरच्या वाटेवर शिरूरला झाले. ही जागा फार विचाराने निवडलेली दिसते, कारण रोजच्या दरबारात कंपनीच्या फौजेचा वावर जाणवू नये इतके हे ठाणे लांब होते आणि वेळ पडल्यास दोन मजलांत पुणे गाठता यावे इतके ते जवळ होते.

या फौजेतल्या कर्नल वॉलेस यांचे १८०९ मध्ये शिरूरलाच निधन झाले, आणि १८८५ च्या पुणे गॅझेटिअरमध्ये अशी नोंद आहे की गावकरी त्यांच्या थडग्याला सत्पुरुषाचे ठिकाण मानून सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत. छावणी आणि गाव यांचे नाते केवळ दहशतीचे नव्हते हे यावरून कळते, आणि म्हणूनच या व्यवस्थेचा खरा दोष शिपायांच्या वागण्यापेक्षा तिच्या रचनेत शोधावा लागतो.

पूर्वी पेशव्यांना सरदारांचे आणि रयतेचे मन सांभाळावे लागे, कारण लढाईला तेच उभे राहत. शिरूरच्या पलटणींनी ही गरजच संपवली. महालांचा वसूल मक्त्याने, म्हणजे जास्त बोली लावणाऱ्याला ठरावीक रकमेवर, देण्याची पद्धत बाजीरावांच्या काळात बोकाळली, मक्तेदारांनी गावे पिळली, आणि त्याविरुद्ध बंड होण्याचे भय दरबाराला उरले नाही. दक्षिणेतल्या जहागीरदारांशी १८१२ मध्ये झालेला समझोतासुद्धा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा वकील, एल्फिन्स्टन यांच्या मध्यस्थीने झाला. खुद्द कंपनीचे अधिकारी थॉमस मन्रो यांनी १८१७ मध्ये गव्हर्नर जनरलला लिहिले होते की तैनाती फौजेमुळे आतले सरकार दुबळे आणि जुलमी होते. घराचा पहारा शेजाऱ्याकडे गेला की घरधन्याला घरच्यांची किंमत राहत नाही, असाच हा प्रकार होता.

यापुढची पायरी म्हणजे यजमान राज्याची स्वतःची फौज घडवून देणे. बाजीरावांच्या पगारावर पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायत शिकलेला, फोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याचा कंपू, म्हणजे पलटण, दापोडीला उभा राहिला, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे आणि कंपनी यांच्यात लढाई जुंपली तेव्हा तो इंग्रजांच्या बाजूने लढला. फौज कोणाचे मीठ खाते यापेक्षा तिचे अधिकारी कोण नेमतो हे इथे निर्णायक ठरले. भारताने श्रीलंकेत १९८७ नंतर जो हस्तक्षेप केला त्यातही हेच दुसऱ्या बाजूने दिसले, कारण ईशान्य प्रांतात भारताच्या पाठबळावर उभे केलेले तमिळ राष्ट्रीय सैन्य भारतीय फौज माघारी निघताच कोसळले.

शिरूरच्या ठाण्याचा अखेरचा मोठा उपयोग ज्या राज्याच्या रक्षणासाठी ते बसवले त्याच राज्याविरुद्ध झाला. कंपनीचे जनरल स्मिथ तिथल्या फौजेसह पुण्यावर आले आणि १७ नोव्हेंबरला शहर पडले. मग ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ रोजी, त्यांच्या तुकडीची भीमा कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. ज्या महार शिपायांना पेशवाईत अस्पृश्य म्हणून वागवले गेले होते ते या तुकडीत मोठ्या संख्येने होते, ही गोष्टही विसरता येत नाही, कारण जे राज्य आपल्याच माणसांना दूर लोटते त्यांनी ते वाचवावे असे मागण्याचा हक्क त्या राज्याला राहत नाही.

पेशव्यांचे राज्य संपले, साताऱ्याला मात्र कंपनीने राज्य नव्याने बांधले. छत्रपती प्रतापसिंहांशी १८१९ मध्ये तह झाला, कंपनीचे अधिकारी ग्रँट डफ यांनी कारभाराची घडी बसवून १८२२ मध्ये तो महाराजांच्या हाती दिला, आणि महाराज स्वतंत्र बुद्धीने वागू लागले तेव्हा १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केले. १८४८ मध्ये ते राज्यच खालसा झाले.

पेशव्यांची घोड आणि भीमेच्या काठची गावे मात्र थेट कंपनीकडे आली. जुने पाटील, कुळकर्णी आणि पंचायती शक्य तितक्या राखाव्यात असे एल्फिन्स्टन यांचे मत होते, परंतु ठरावीक रोख सारा आणि कागदावर चालणारी दिवाणी न्यायालये आली तशी पंचांची जागा आपोआप अरुंद झाली, आणि सावकाराच्या हाती कोर्टाचा हुकूमनामा आला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करड्याच्या रयतेने सावकारावर बहिष्कार घातला. मे १८७५ मध्ये आजचा दौंड ज्यात मोडे त्या जुन्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी दंगा उसळून कर्जखते जाळली गेली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टात जाण्यापूर्वी समेट घडवणारे मध्यस्थ आणि गावमुन्सफ नेमण्याची तरतूद केली, म्हणजे गावातल्या तंट्याचा निवाडा गावातच व्हावा यासाठी सरकारला साठ वर्षांनी नव्याने माणसे नेमावी लागली.